तुमच्याकडून कोण?

"जरा उड्या मार बघू," पडद्यापलीकडून कांबळे सिस्टर म्हणाल्या.

"इथं?"

"मग काय मैदानात जाऊन मारणार? मार की. टोचतंय का, सरकतंय का, श्वास पुरतोय का, सगळं आत्ताच बघायचं. नंतर परत घेत नाहीत ही माणसं."

सांगलीच्या कापडपेठेतलं दुकान, कपाटाएवढी ट्रायल रूम, डोक्यावर पिवळा दिवा आणि आरशात मी. शशिकला पाटील, वय सेहेचाळीस, सूतगिरणीच्या ऑफिसात कारकून, लग्न न झालेली. शाळा सुटल्यापासून उडी म्हणून मारली नव्हती. आरशातून कुणी बघत असल्यासारखं मी उगाच इकडं तिकडं पाहिलं आणि मारल्या उड्या. लाकडी पार्टिशन दणादण हललं. काउंटरवरची मुलगी खुदकन हसली, तशा सिस्टर तिच्यावर डाफरल्या.

"हसतेस काय गं? ही बाई एकवीस किलोमीटर पळणार आहे. तू निस्तं कोपऱ्यापर्यंत जाऊन दाखव."

मला एकदम भरून आलं. पळायची ब्रा घेताना डोळे भरून येणारी बाई त्या दुकानात आधी कधी आली नसेल. पण आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी असं पडद्याबाहेर उभं राहिलं नव्हतं, त्याला मी काय करू?

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. ती मॅरेथॉन, म्हणजे खरं तर अर्धीच, मी पुढं पळाले. पूर्णही केली. त्याचं पदक कपाटात कुठंतरी आहे. मला सांगायचंय ते पदकाचं नाही, त्याआधीच्या थंडीचं आहे.

अण्णा, माझे वडील, गेल्यावर घरात मी एकटी उरले. भाऊ बेंगळुरूला, त्याचा संसार त्याच्यामागं. दिवस ऑफिसात जायचा. संध्याकाळ मात्र जाता जायची नाही. सहाच्या आत जेवण उरकलेलं, भांडी घासून पालथी घातलेली, आणि पुढं झोपेपर्यंत टीव्हीतल्या सासवा-सुनांची भांडणं. पहाटे जाग यायची ती अंधारातच. कूस बदलून बदलून कंटाळले, तेव्हा एक दिवस उठून घराजवळच्या मैदानावर गेले. तिथं खाडे सरांचा गट पळायचा. खाडे सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झालेली नव्हती. त्यांनी मला पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासच्या बुटांत दोन फेऱ्या पळताना पाहिलं आणि थांबवलं.

"ताई, पाय मोडून घ्यायचाय का? आधी नीट बूट घ्या. आणि बाकीचं... ते आमच्या सिस्टर सांगतील."

बाकीचं काय ते सिस्टरांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. प्रमिला कांबळे त्यांचं नाव, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. पळायच्या नाहीत, गुडघे गेले होते. औषधाची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायच्या आणि पळणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही बोलायच्या. पहिल्या आठवड्यात मला "ताई" म्हणत होत्या. दुसऱ्यात मी "शशे" झाले. या वयात मला शशे म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्या मला कापडपेठेत घेऊन आल्या होत्या. कपड्यांनंतर बूट. पाय संध्याकाळी सुजलेले असतात, पळतानाही सुजतात, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यायचे, असं खाडे सरांनी बजावलं होतं. बुटांच्या दुकानातल्या माणसानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"वॉकिंगचे दाखवू ना, मावशी?"

"पळायचे," मी म्हटलं.

"कुणाला?"

"मलाच."

"हिलाच," सिस्टर म्हणाल्या. "आणि मावशी कुणाला म्हणतोस? केस बघ तुझे, तिच्यापेक्षा पांढरे झालेत."

मी नेहमीच्या मापाचा जोड घालून उभी राहिले. सिस्टर खाली वाकल्या, गुडघ्याला हात देत वाकल्या, आणि बुटाच्या टोकाला अंगठा दाबून पाहिला. "लागतंय. एक नंबर मोठा काढ." मोठा आला. त्यांनी पुन्हा दाबला. "आता हाय जागा. नखं काळी करून घ्यायची नसतील तर हाच." दुकानदार म्हणाला, हा सैल होईल. सिस्टर म्हणाल्या, "पाय तिचाय, तू गप."

दोन पिशव्या घेऊन आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा दिवे लागले होते. मला इतकं हलकं वाटत होतं, की त्या पिशव्या हातात घेऊन तिथूनच पळत सुटावं.

"चल घरी," सिस्टर म्हणाल्या. "चहा टाकते. थालीपीठ लावते दोन. गप्पा मारू जरा."

"नको, सिस्टर."

"का गं?"

"आत्ता नको. मी आता काही घेत नाही."

"निस्ता चहा?"

"नको. खरंच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग परत कधीतरी." आणि रिक्षा थांबवून गेल्या.

आम्ही समडोळीचे जैन पाटील. रात्री न जेवणारी माणसं आमच्यात पुष्कळ आहेत, पण अण्णांचा नियम त्याहून कडक होता. सूर्य मावळला की उगवेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. अगदी शेवटच्या आजारातही त्यांनी तो मोडला नाही. शेवटच्या रात्री त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी चमचाभर पाणी पुढं केलं, त्यांनी मान हलवली. मी रडत म्हटलं, अण्णा, एक घोट. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि उजाडायच्या आत गेले. तेव्हापासून अंधारात पाण्याचा ग्लास समोर आला की मला ते ओठ दिसतात. मी कुणा मुनींपुढं जाऊन नियम घेतला नाही. मला पिताच येईना, एवढंच.

आणि या नियमानं मला माणसांतून हळूहळू उठवलं होतं. लोक एकमेकांना भेटतात ते दिवस संपल्यावर. लग्नाची रिसेप्शनं रात्री, ऑफिसच्या पार्ट्या रात्री, कोजागरी तर रात्रीच. सुरुवातीला मी जायची आणि रिकाम्या हातानं खुर्चीत बसायची. दहाजण येऊन विचारायचे, पाणीसुद्धा नाही? कुठल्या जमान्यात आहेस? मग मी जायचंच सोडलं. कारणही सांगायचं सोडलं. नियम पाळायचा, सांगत सुटायचं नाही, असं अण्णा म्हणायचे. मला ते सोयीचं होतं. "नको" एवढ्या एका शब्दात काम भागायचं.

डिसेंबर लागला तसं खाडे सरांनी सगळ्यांना मैदानावर गोल बसवलं. आता दर रविवारी लांब पळायचं. पहाटे निघायचं, माधवनगर, बुधगाव करत कवलापूरच्या फाट्यापर्यंत जायचं आणि मागं वळायचं. फाट्यावर पाण्याचं टेबल. आणि त्या टेबलावर प्रत्येकानं आपल्या घरचं एक माणूस पाळीपाळीनं द्यायचं.

"घरचंच का, सर? एखादा पोरगा ठेवू की," कुणीतरी म्हणालं.

"घरचंच. घरातलं माणूस थंडीत तुमच्यासाठी उभं राहतंय म्हटल्यावर तुम्ही पांघरुणात तोंड लपवून पडत नाही. इतक्या वर्षांचा अनुभव आहे माझा."

मग एकेकाला विचारायला सुरुवात झाली. कुणाची बायको, कुणाचा जावई, एकीची सासू. सासू म्हटल्यावर सगळे हसले. माझ्यापाशी आले.

"पाटील ताई, तुमच्याकडून कोण?"

मी माझ्या नव्या बुटांकडं बघत राहिले. "कुणी नाही, सर."

"कुणीतरी असेलच की. भाऊ, वहिनी, शेजारपाजारचं कुणी?"

"नाही."

सगळे गप्प झाले. ते गप्प होणं मला ओळखीचं आहे, त्याच्यापेक्षा हसलेलं परवडतं. मी म्हणणार होते, की सर, मग मी आपली मैदानावरच पळत जाईन. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"हिच्याकडून मी."

"तुम्ही औषधाच्या पेटीकडून आहात, सिस्टर," खाडे सर म्हणाले.

"मग दोन्हीकडून. आणि ते पाळीचं राहू दे. मला रविवारी काय काम हाय? फाट्यावर मीच उभी राहीन दर वेळेला. ज्यांच्या घरची माणसं येतील ती येतील मदतीला. पण शशीकडून मी. लिहा."

मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांदेखत रडले असते. घरी आले आणि त्या दिवशी एकटीनं जेवताना मोठ्यानं म्हणून बघितलं, माझ्याकडून कांबळे सिस्टर. फार छान वाटलं.

पहिल्या रविवारी मी सगळ्यात मागं होते. पुढच्यांच्या पाठीवरच्या चमकत्या पट्ट्या लांब लांब जात दिसेनाशा झाल्या. दोन्हीकडं ऊस, मधेच एखादं कुत्रं, आणि माझ्याच पावलांचा आवाज. फाट्यावर वडाच्या बुंध्याला बॅटरी टांगलेली दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. सिस्टर टेबलामागं उभ्या होत्या, डोक्याला मफलर, अंगात मुलाचं जुनं जर्किन. प्लॅस्टिकचे ग्लास लोक रस्त्यात फेकतात म्हणून घरचे स्टीलचे आणले होते. मी दिसताच त्या ग्लास घेऊन पुढं आल्या.

"आली गं माझी शशी! घे. लिंबू-मीठ घातलंय."

"नको, सिस्टर."

"अगं, घोटभर."

"नको, नको." दम इतका लागला होता, की पुढं एक शब्द निघेना. मी वडाला वळसा घालून परत फिरले. त्या ग्लास हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, चला, कारण न सांगता जमलं.

पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, "तोंड तरी ओलं कर. घाम बघ किती आलाय." मी मानेनंच नको म्हटलं आणि हसले. तिसऱ्या वेळी त्यांनी काही न बोलता ग्लास पुढं धरला. मी हात हलवला.

परतीच्या वाटेवर माधवनगरच्या आसपास सूर्य वर यायचा. मी मैदानावर पोचेपर्यंत चांगलं ऊन पडलेलं असायचं. पिशवीत घरून आणलेली बाटली असायची, ती मी उभ्या उभ्या रिकामी करायची. तिसऱ्या रविवारी मी अशीच मान मागं टाकून घटाघट पीत होते आणि सिस्टर टेबल आवरून कुणाच्या तरी गाडीवरून तिथं पोचल्या. त्यांनी मला पिताना पाहिलं. मी बाटली खाली घेऊन हसले. त्या हसल्या नाहीत. ग्लासांची पिशवी घेऊन नळाकडं गेल्या.

त्यानंतर माझी शशी संपली. आधी मधल्या दिवसांत मैदानावर भेटायच्या तेव्हा, "आलात का" एवढंच. मग "पाटील मॅडम". मला वाटलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली. मागं वळून पाहिलं तर मागं कुणी नव्हतं.

मी एकदा फोन केला. म्हटलं, सिस्टर, टाच दुखतेय, काय करू? पूर्वी असं विचारलं असतं तर त्या पेटी घेऊन घरी आल्या असत्या. म्हणाल्या, "बर्फ लावा. नाही थांबलं तर डॉक्टरना दाखवा, मॅडम." आणि कुकर झालाय म्हणून फोन ठेवून दिला.

काय चुकलं ते मला उमजेना. मग मी नेहमी काढते तोच निष्कर्ष काढला, की माणसं मला कंटाळतात. आधी येतात, मग मी त्यांना जड होते. बूट मिळाले, कपडे मिळाले, पळायला येऊ लागलं, आणखी किती मागायचं? असं स्वतःला समजावून मी पळत राहिले. पण रविवारी पहाटे घराबाहेर पडताना पाय जड व्हायचे. गटात राहायचं तर माझ्याकडून कुणीतरी हवं होतं, आणि माझ्याकडून जे एकुलतं एक माणूस होतं ते मला मॅडम म्हणत होतं.

शर्यतीच्या आधीचा शेवटचा लांबचा रविवार. त्या दिवशी धुकं असं पडलं होतं, की पुढचं माणूस दिसेना. मी पोचले तेव्हा सगळे कधीच वळून गेले होते. वाटेत आवाज आले तेवढेच, माणसं दिसली नाहीत. फाट्यावर सिस्टर एकट्या होत्या. ग्लास घेऊन पुढं आल्या नाहीत. टेबलाच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"पाटील मॅडम, तुमचं तिथं ठेवलंय."

कोपऱ्यात, बाकीच्या ग्लासांपासून लांब, पाण्याची एक विकतची बाटली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेली.

"सीलबंद हाय," सिस्टर म्हणाल्या. "दुकानदारानंच पिशवीत टाकून दिली. मी हात लावलेला नाही."

मी दम खात उभी होते. आधी शब्द नुसते कानावर पडले. मग एकेक करून आत गेले. हात लावलेला नाही. चहा नको. लिंबू-सरबत नको. आणि मैदानावर स्वतःच्या बाटलीतून घटाघट. अंगावरचा घाम तिथल्या तिथं गार पडला.

"सिस्टर," मी म्हटलं, "अहो, तसं नाही. मला नियम आहे. उजाडायच्या आत मी पाणी घेत नाही."

"असेल की."

"खरंच आहे."

"मी कुठं खोटं म्हणतेय?" त्या ग्लास विसळू लागल्या. आवाज अगदी शांत होता. "नोकरीत सगळ्यांचे नियम ऐकले मी. माझ्या हातची सुई चालायची. सलाईन चालायचं. बाळंतपण केलेलं चालायचं, तेव्हा तर देवमाणूस म्हणायचे. आणि घरून आणलेला चहा विचारला की कुणाचा सोमवार, कुणाचा उपास, कुणाला बाई तहानच नसायची. पळा तुम्ही. मागं माणसं हायत."

मागं कुणी नव्हतं. सगळ्यात शेवटची मीच असायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

जे खरं होतं ते सांगून झालं होतं आणि ते तंतोतंत खोट्यासारखं ऐकू आलं होतं. मी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले.

"काय झालं? चक्कर येतेय?" सिस्टर झटकन वळल्या. सवयच ती.

"नाही."

"मग बसलात कशाला? अंग गार पडंल."

"सूर्य उगवेपर्यंत थांबते."

"आणि पळायचं?"

"राहू दे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग धुक्याकडं, आणि पुन्हा ग्लासांकडं वळल्या. सगळे ग्लास विसळून झाले. मग पुसून झाले. तरी उजाडेना. उसाच्या पात्यांवरून पाणी टपटपत होतं. थंडीनं माझे दात वाजायला लागले होते. खूप वेळानं सिस्टर आल्या आणि कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"पाटील म्हणजे कुठले तुम्ही?"

"समडोळीचे."

"समडोळी... म्हणजे जैनातले पाटील?"

"हो."

"मी आपली दुसरे पाटील समजत होते. आमच्या गावच्या पाटलांसारखे." मग म्हणाल्या, "तुमच्यात रात्री जेवत नाहीत ते माहितीय मला. पाणीपण नाही?"

"सगळे नाही पाळत. माझे वडील पाळायचे."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला सांगत नाही मी. आणि तुम्ही असा काही अर्थ काढाल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, सिस्टर. शपथ."

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात ते येत नाही आणि आमच्या डोक्यातून ते जात नाही. तेवढाच फरक हाय."

धुक्याकडं बघत त्याच पुढं बोलल्या.

"पहिल्या रविवारी घरी गेले तर म्हटलं, दम लागला असंल पोरीला. दुसऱ्या रविवारी म्हटलं, लिंबू सोसत नसंल. तिसऱ्या रविवारी साधं पाणी ठेवलं होतं तुझ्यासाठी. वेगळं. मग तुला त्या बाटलीतनं पिताना बघितलं. घरी आले आणि सगळे ग्लास परत घासले. कशाला घासले, माझं मलाच कळलं नाही."

मी त्यांच्या हाताला हात लावायला गेले, पण मधे अख्खा कठडा होता. हात तसाच मागं घेतला.

धुक्यामागं आधी तांबूस डाग दिसला, मग कडा दिसली. सिस्टर म्हणाल्या, "आता चालतं?" मी म्हटलं, "चालतं." त्या उठल्या. कॅनमधून ग्लास भरला आणि टेबलावर माझ्या बाजूच्या कडेला आणून ठेवला. आयुष्यभराची सवय असावी तसा अलगद ठेवला आणि हात मागं घेतला.

"तिथं नको ठेवू," मी म्हटलं. मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. तोंडातून गेलं. "हातात दे."

त्यांनी ग्लास उचलून माझ्या हातात दिला. मी प्यायले. दुसरा मागितला, तिसरा मागितला. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "हळू. पोटात कळ येईल." मला एवढं सुटल्यासारखं वाटलं, की मी हसायला लागले. वाटलं, झालं, संपलं सगळं. गैरसमज होता, गेला. आता कापडपेठेतल्या त्या संध्याकाळपासून पुन्हा सुरू करू.

"सिस्टर, आज दुपारी येऊ तुमच्याकडं जेवायला? उजेडी? तुम्ही म्हणाला होता ते थालीपीठ?"

त्या टेबलाचे पाय दुमडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आज नको."

"का हो?"

"आज नको."

मी थांबले. त्या आणखी काही म्हणतील म्हणून थांबले. घरी पाहुणे हायत, मुलगा येणार हाय, पीठ संपलंय, काहीही. त्यांनी बॅटरी झाडावरून काढली, पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "पळा आता, ऊन व्हायच्या आत."

मी पळाले. बुधगावपर्यंत मी तो नको उलटसुलट करून बघत होते. खरंच काहीतरी काम असेल. दमल्या असतील, पहाटेपासून उभ्या होत्या. की राग गेलाच नव्हता? की माझ्यासारखी बाई घरात येणं हेच त्यांना नको होतं? माधवनगर आलं तरी मला त्याचा अर्थ लागला नाही.

शर्यतीच्या दिवशी त्या आल्या. खाडे सरांना शब्द दिला होता, माझ्याकडून त्या. उजाडल्यावरचा पहिला ग्लास त्यांनीच दिला, माझ्या हातात दिला, आणि शेवटच्या वळणावर "चल, चल" म्हणून ओरडल्याही. उन्हाळ्यात मुलानं त्यांना पुण्याला नेलं. तोवर आम्ही मैदानावर भेटत होतो, नीट बोलत होतो. घरी ये असं मात्र त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

आणि मीही पुन्हा विचारलं नाही. कितीदा फोन हातात घेतला असेल. पण दुसऱ्यांदा "नको" ऐकायची माझी छाती झाली नाही. त्यांनी तो माझ्या तोंडून ऐकला होता आणि दर रविवारी पुन्हा ग्लास भरून उभ्या राहिल्या होत्या.